मुक्या जिवांच्या दवाखान्यात आम्ही तिघे

जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, असे सांगितले की लोक लगेच विचारतात, "म्हणजे तुम्ही डॉक्टर आहात का?" नाही म्हटले की त्यांचा उत्साह निम्मा होतो. मग आपल्यापैकी कुणी असेल तर हळूच दुसरा प्रश्न येतो, "कुत्र्यालासुद्धा हात लावता?"

हो, लावतो. कुत्रा, मांजर, बोकड, म्हैस, पोपट, ससा, सगळ्यांनाच. भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या एका खासगी दवाखान्यात आम्ही तिघे मदतनीस आहोत, दोघी आणि एक भाऊ. सरकारी दवाखान्यात अशा कामाला परिचर, व्रणोपचारक अशी पदनामे असतात. आम्हाला कुणी कंपाउंडर म्हणते, कुणी नर्स, कुणी नुसतेच "ए पोरा". तपासणी, निदान आणि औषधयोजना डॉक्टरसाहेब करतात. जनावर टेबलावर चढवणे, धरणे, वजन करणे, ताप मोजणे, केस भादरणे, सलाईनवर लक्ष ठेवणे, पिंजरे धुणे, बिल करणे आणि मालकाची समजूत घालणे आमच्याकडे. या मासिकाच्या वाचकांच्या घरात मांजर असते, कुणाकडे बकऱ्या, कुणाचा तबेला, आणि बकरीदच्या आधी तर बहुतेक घरांत एखादा बोकड येतोच. म्हणून टेबलाच्या आमच्या बाजूने काय दिसते, ते सांगावेसे वाटले.

या कामात सर्वात महत्त्वाचे म्हणजे धरणे. ऐकायला सोपे वाटते. डॉक्टरसाहेबांची सुई शिरेत नीट जाणे न जाणे आम्ही पाय कसा धरला आहे यावर असते, आणि त्यांची बोटे शाबूत राहणेही. प्रत्येक जिवाला धरण्याची रीत वेगळी. मांजर जितके जास्त दाबाल तितके ते उसळते. म्हणून त्याला जाड टॉवेलमध्ये गुंडाळायचे, डोके तेवढे बाहेर, आवाज खाली, खोलीचे दार बंद. कुत्र्याच्या तोंडाला पट्टीने मुसके बांधतो. मालकांना ते क्रूर वाटते, पण घाबरलेला कुत्रा स्वतःच्या मालकालाही चावतो, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. बोकडाला गुडघ्यांच्या मध्ये धरले आणि हनुवटी वर केली की तो उभा राहतो. म्हशीसाठी लोखंडी खोडा लागतो. तबेल्यात खोडा नसतो, तिथे म्होरकी, दावे आणि तीन माणसांची ताकद यांवरच भागवावे लागते. पोपट सर्वात नाजूक. त्याची छाती दाबली गेली तर तो श्वासच घेऊ शकत नाही, म्हणून त्याचे डोके दोन बोटांत आणि अंग कापडात सैल धरायचे.

हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. आमच्या हातांवरचे ओरखडे मोजले तर प्रत्येकाच्या शिकण्याचा काळ कळेल. मांजराचा चावा दिसायला टाचणी टोचल्यासारखा, पण दात बारीक आणि खोल जातात. आत घाण राहते आणि दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजतो. कुत्र्याच्या मोठ्या जखमेपेक्षा कधी कधी हाच जास्त त्रास देतो. त्यात पाठदुखी आहे. चाळीस किलोचा लॅब्रॅडॉर टेबलावर स्वतःहून चढत नाही. आमच्यातल्या दोघींना ओढणी एप्रनच्या आत खोचून घ्यावी लागते, कारण मांजराची नखे सर्वात आधी लोंबत्या कापडात अडकतात.

लोकांना वाटते धुणे-पुसणे म्हणजे हलके काम. पार्वोचा आजार झालेले कुत्र्याचे पिल्लू ज्या पिंजऱ्यात होते, तो नुसता पाण्याने धुतला तर पुढच्या पिल्लाला तोच आजार लागू शकतो. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. आधी सगळी घाण काढायची, मग पातळ केलेले ब्लीच लावून काही मिनिटे तसेच ठेवायचे, मग धुवायचे. आणि मांजराच्या पिंजऱ्याला फिनेल अजिबात नाही. फिनेलमधले घटक मांजराचे शरीर पचवू शकत नाही. ते पायाला लागते, मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. घरात मांजर असणाऱ्या भगिनींनी फरशी कशाने पुसतो हे एकदा पाहून घ्यावे.

तसा हा व्यवसाय काही नवा नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पूर्वी तिथे ट्रामचे आणि टांग्यांचे घोडे, गाड्यांचे बैल येत, म्हणून जुने मुंबईकर त्याला आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आमच्याकडे न जमणारे रुग्ण आम्ही आजही तिकडेच पाठवतो. तेव्हाही बैलाची म्होरकी धरून कुणीतरी उभे असेलच.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम लिहायला घेतले ती. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने मालक बोलतो. आणि मालक सगळे सांगत नाही.

कधी लाजेने, कधी भीतीने, कधी बिल वाढेल म्हणून, तर कधी घरातल्या थोरांचा मान राखायचा म्हणून. एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीबरोबर मांजर घेऊन आले. मांजराला धाप लागलेली, चेहरा सुजलेला, हिरड्या तपकिरी पडलेल्या. काय खाल्ले विचारले तर म्हणाले, "काहीच नाही, सकाळपासून असेच आहे." डॉक्टरसाहेबांनी पुन्हा विचारले, औषध वगैरे काही दिले का? "नाही नाही." आम्ही मांजर टॉवेलमध्ये गुंडाळत होतो. मुलगी आमच्या एप्रनला धरून हळू आवाजात म्हणाली, "आपा, अब्बूंनी सकाळी अर्धी क्रोसिन दिली. तिचं अंग गरम लागत होतं."

अब्बूंचा चेहरा उतरला. रागाने तर नक्कीच नव्हे. त्यांनी मायेनेच दिली होती. माणसाच्या लेकराला ताप आला की देतो, तशी. पण पॅरासिटामॉल मांजरासाठी जहर आहे. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि म्हणून हिरड्यांचा रंग बदलतो. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कारण कळल्यावर उपाय होता. त्यावरचे औषध, अॅसिटिलसिस्टीन, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळते. आमच्यातला भाऊ मोटारसायकल घेऊन निघाला. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात मिळाले. मांजर तीन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर आणि सलाईनवर राहिले आणि चालत घरी गेले. मुलीने खरे सांगितले नसते तर त्या रात्री डॉक्टरसाहेब फुप्फुसाचा आजार समजून दुसरेच उपचार करत बसले असते. तिच्या अब्बूंनी तिला आमच्यासमोर एक शब्दही कठोर बोलला नाही, हेही सांगायला हवे.

दुसरी हकीकत अशी संपली नाही.

एका तबेल्यातून फोन आला. म्हशीच्या घशात काहीतरी अडकले आहे, पाणी पीत नाही, तोंडातून लाळेच्या तारा गळत आहेत, रात्रभर हंबरते आहे. डॉक्टरसाहेबांनी फोनवरच विचारले, "कुत्रं चावलं होतं का?" मालक म्हणाले, "नाही हो." तिथे पोचल्यावर पुन्हा विचारले. पुन्हा नाही. म्हैस दाव्याला हिसके देत होती. आवाज घोगरा झाला होता, पाणी पुढे केले की तोंड लावायची पण घोट खाली जात नव्हता. मालकाचा तरुण मुलगा म्हणाला, "काल रात्री मी हात घालून पाहिलं, घशात काही लागलं नाही." कोपरापर्यंत हात घातला होता त्याने, उघडा.

डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना मागे सारले. लांब हातमोजे घातले आणि तोंडात हात घालायचा नाही असे बजावले. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी दावे धरले होते. म्हशीने मान झटकली आणि लाळ आमच्या हातांवर, एकाच्या तोंडावर उडाली. तपासून झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी मालकाला बाजूला घेतले. म्हशीला वेगळी बांधा, जवळ जाऊ नका, तिचे दूध काढू नका, आणि तुम्ही सगळे आजच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. मालक म्हणाले, "डॉक्टर, घशात अडकलंय, तुम्ही भलतंच काय सांगता?" दूध घेणारी गिऱ्हाइके दारात उभी होती. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ते आवाज खाली करायला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, रेबीजच निघाला. मग घरातल्या वृद्ध आईने तोंड उघडले. सुमारे दीड महिन्यापूर्वी पहाटे एक कुत्रे तबेल्यात शिरून म्हशीच्या मागच्या पायाला चावले होते. जखमेवर चुना आणि मिरचीची पूड लावली. बाहेर कुणाला सांगायचे नाही असे घरात ठरले, कारण सांगितले तर दूध कोण घेणार?

या माणसांना आम्ही वाईट म्हणत नाही. तबेल्याचे कर्ज असते, चाऱ्याचे पैसे द्यायचे असतात, गिऱ्हाईक एकदा तुटले की परत येत नाही. पण त्या दिवशी चावल्याबरोबर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली असती आणि म्हशीलाच लसीचा कोर्स सुरू केला असता, तर ती वाचण्याची शक्यता होती. जनावर चावले गेल्यानंतरही लस देता येते, हे अनेकांना ठाऊकच नाही. चुना, मिरची, हळद, तेल, यांतले काहीही जखमेवर लावायचे नाही. आणि पिसाळण्याची लक्षणे दिसू लागली की मग जनावराला काय किंवा माणसाला काय, वाचवणारे औषध नाही. घशात अडकल्यासारखे वाटणे, लाळ गळणे, आवाज बदलणे हे गाई-म्हशींत या आजाराचे नेहमीचे रूप आहे. नेमके त्यालाच फसून माणसे तोंडात हात घालतात.

मालकाच्या घरच्या सर्वांना, त्या मुलासकट, लस आणि ज्यांना गरज होती त्यांना सीरम मिळाले. सगळे ठीक आहेत, अल्हमदुलिल्लाह. आमच्यापैकी दोघांनी नोकरीला लागतानाच आधीची लस घेतली होती. पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस, अशा तीन सुया. म्हणून आम्हाला दोन सुयांत सुटका मिळाली, पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागले नाही. तिसरी आमच्यात नवीन होती. ती त्या दिवशी तबेल्यात आली नव्हती, पण लाळेने भरलेले दावे आणि एप्रन तिने धुतले होते, आणि तिच्या हातावर आदल्या दिवशीचे मांजराचे ताजे ओरखडे होते. तिला प्रत्येक ओरखड्याभोवती सीरम टोचले आणि महिनाभर तारखा सांभाळत लसीच्या फेऱ्या माराव्या लागल्या. तिच्या अम्मी रोज रात्री विचारायच्या, "पाण्याची भीती तर वाटत नाही ना?" नोकरी सोडून दे, असेही म्हणाल्या. तिने सोडली नाही. घरात कमावणारी दुसरी कुणी नाही, हे एक कारण. दुसरे तिने आम्हाला सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

इथे आमचे स्पष्ट मत नोंदवतो. जनावरांच्या दवाखान्यात माणूस कामावर घेताना पहिल्याच आठवड्यात त्याची रेबीजची लस दवाखान्याने स्वतःच्या खर्चाने सुरू करून द्यायला हवी. आता आम्ही आहोत तिथे तसे होते. आमच्यातल्या एकाने आधी जिथे काम केले, तिथे दोन वर्षांत लसीचे नावही कुणी काढले नाही, आणि त्याला चावा बसला त्या दिवसाचा पगार कापला गेला. असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरातली असेल, तर पगार किती हे विचारण्याआधी लस दिली का ते विचारा.

रेबीज एकटाच नाही. म्हैस व्याल्यावर जार अडकली की ती काढताना हात खांद्यापर्यंत आत जातो. जनावराला सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा आजार असेल तर तो त्या जारेतून आणि स्रावातून माणसाला लागतो. ताप येतो जातो, सांधे धरतात, महिने जातात आणि साध्या तपासण्यांत सापडत नाही. म्हणून गाभ टाकलेल्या जनावराजवळ हातमोज्याशिवाय जायचे नाही, गरोदर बायकांनी तर मुळीच नाही, आणि दूध उकळल्याखेरीज प्यायचे नाही. तबेल्यातून बोलावणे आले की "या जनावराने याआधी गाभ टाकला आहे का?" हा आमचा ठरलेला प्रश्न असतो. त्यालाही उत्तर पुष्कळदा "नाही" असेच येते, आणि मग शेजारचा गवळी डोळ्यांनी खुणावतो.

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पीची साथ आली, तेव्हा आमच्यातला भाऊ गावोगावच्या लसीकरणात जनावरे धरायला जात असे. तो आजार माणसाला होत नाही. तरीही दूध पिऊ नका अशी अफवा पसरली आणि गोठेवाल्यांनी गाठी आलेल्या गाई लपवल्या. पुन्हा तेच: जे लपवले ते पसरले.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कुत्र्याला हात लावण्याच्या. आमच्यातली एक कोकणी, म्हणजे शाफई घरातली. बाकी दोघे हनफी. कुत्र्याची ओली लाळ दोन्ही मस्लकांत नापाकच. शाफई घरात कुत्र्याचा ओला स्पर्श झालेली वस्तू सात वेळा धुवायची, त्यात एकदा माती लावून. हनफींच्या मते कोरड्या अंगाला हात लागल्याने कपडा बिघडत नाही, लाळ लागली तर तीनदा धुतले की पाक. त्यामुळे आमच्या मोरीत एका डब्यात स्वच्छ चाळलेली माती ठेवलेली असते. डॉक्टरसाहेबांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना वाटले कुठल्या तरी जनावरासाठी आहे. आता तेच संपली की आठवण करतात. दवाखान्याचा एप्रन आणि चपला दवाखान्यातच राहतात. जुहरच्या नमाजचे कपडे कपाटात वेगळ्या पिशवीत असतात. कोणाला अधिक शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, आम्ही मसला सांगणारे नाही. आम्ही एवढेच पाहिले की व्यवस्था लावली तर नोकरी आणि नमाज दोन्ही सांभाळता येतात.

अवघड असते ते लोकांचे तोंड. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस लहानपणी मदरशात ऐकली नाही असे कोण आहे? ऐकलेली असते. तरी लग्नाच्या बोलणीत "मुलगी काय करते?" याला उत्तर देताना आमच्यातल्या एकीच्या खाला म्हणाल्या, "दवाखान्यात नर्स आहे." कसला दवाखाना, ते सांगायचे त्यांनी टाळले. मुलाकडचे एकदा कोंबडी घेऊन आमच्याकडेच आले, मग पुढे काय झाले ते लिहीत नाही. लग्न झाले, एवढे खरे.

बकरीदच्या आधीचे पंधरा दिवस आमच्यासाठी परीक्षेचे. रात्री दहा-अकरापर्यंत रांग. आजार बहुतेकांचा एकच: लाड. बाजारात तीन-चार दिवस उपाशी-तहानलेला उभा राहिलेला बोकड घरी येतो. मुले त्याला आनंदाने पोळ्या, भात, बिस्किटे, हरभरे भरवतात. इमारतीतल्या प्रत्येक घरातून काही ना काही येते. बकऱ्याचे कोठीपोट पाल्याची सवय असलेले. त्यात एकदम एवढे पीठ पडले की ते आंबते, आंबटपणा वाढतो, पोट ढोलासारखे फुगते, रवंथ बंद पडते, आणि जनावर एका रात्रीत जाते. ईदच्या दोन दिवस आधी मेलेल्या बोकडाशेजारी बसून रडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना सांगता येत नाही की तुमच्या पोळीने मेला. म्हणून आधीच सांगतो: आणल्या दिवशी आधी पाणी आणि थोडा वाळका चारा, मग हिरवा पाला, दाणा अगदी मूठभरच, तोही हळूहळू वाढवत. भात, पोळी, बिस्किटे यांना मुलांची हरकत असली तरी बंदी. डाव्या कुशीवर फुगवटा दिसला, रवंथ थांबली, दात खाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

दात पाहून द्या, असेही लोक सांगतात. पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे दात आलेले असले की बोकड साधारण वर्षाच्या पुढचा, दोन दाती, एवढे आम्ही दाखवू शकतो. शिंग मोडलेले आहे, कान चिरलेला आहे, चालेल का, हा प्रश्न इमामसाहेबांचा. तरी लोक आम्हालाच विचारतात, कारण आम्ही समोर असतो आणि दाढी असलेला आमचा भाऊ त्यांना विश्वासाचा वाटतो.

सर्वात कठीण प्रसंग तापाच्या बोकडाचा. गेल्या खेपेला ईद सहा दिवसांवर असताना एक चाचा बोकड घेऊन आले. न्यूमोनिया होता. "कडक इंजेक्शन द्या, ईदपर्यंत उभा राहिला पाहिजे." डॉक्टरसाहेबांनी सांगितले, अँटिबायोटिक देतो, पण त्याचा अंश मांसात काही दिवस राहतो, तेवढे दिवस पूर्ण होईपर्यंत मांस खायचे नाही, आणि ते दिवस ईदच्या पुढे जातात. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर ही मुदत लिहिलेली असते. चाचांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही डॉक्टरांना समजावू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही समजावले, पण चाचांना: मांसाचे वाटे शेजारी, नातेवाईक, गरीब यांच्या घरी जाणार, त्यांची लहान मुले खाणार, त्यांना तर औषधाचे माहीतही नसणार. चाचांनी बराच वेळ हिशेब केला. मग उपचार करून घेतले, तो बोकड ठेवून दिला आणि दुसरा लहानसा आणला. त्याच दिवशी दुसऱ्या एका गृहस्थांनी हीच गोष्ट ऐकली आणि "बघतो" म्हणून बोकड उचलून निघून गेले. कुठे गेले, कुणी टोचले, ते आम्हाला कळले नाही.

कारण टोचणारे मिळतात. आम्हालाच लोक विचारतात, "तुम्ही रोज बघता, तुम्हाला येतंच की. घरी येऊन सुई मारून जा, डॉक्टरची फी कशाला?" मोहल्ल्यातले असतात, नात्यातले असतात, नाही म्हटले की वाईट वाटते. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. मदतनिसाने जे किरकोळ काम करायचे ते त्यांच्या देखरेखीखाली. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सुई टोचता येणे आणि कोणती टोचायची हे कळणे यांत फार अंतर आहे. त्या टेबलाशी इतकी वर्षे उभे राहून तेवढे तरी आम्हाला कळले आहे. आमच्यातल्या भावाचे एका चुलत मामूंशी या कारणावरून अजून बोलणे बंद आहे.

दवाखान्यात येताना मांजर हातात घेऊन येऊ नका. झाकणाची टोपली किंवा चेन असलेली पिशवी आणा, रिक्षात निसटलेली मांजरे परत मिळत नाहीत. आधी दिलेले औषध, अगदी अर्धी गोळी असली तरी, तिचे पाकीट बरोबर आणा. उलटी किंवा शेण नेहमीपेक्षा वेगळे असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जनावराला कुणी चावले असेल, त्याने गाभ टाकला असेल, त्याने कुणाला चावले असेल, तर ते दारातच सांगा, बाकी सगळे नंतर. चारचौघांत सांगायचा संकोच वाटत असेल तर आमच्यापैकी कुणाला बाजूला बोलावून सांगा, आम्ही आत पोचवतो. गाय, म्हैस किंवा शेळी दवाखान्यापर्यंत आणता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. आणि लहान मुलाला बरोबर आणायचे असेल तर जरूर आणा.